लोडशीट

सोहार ते खसब :
सरळ रेघेत दोनशे दोन किलोमीटर,
हवेत अडतीस मिनिटं,
वारा समोरून असला तर चव्वेचाळीस.
झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

रस्त्याचं विचारू नका.
रस्त्यात मध्येच दुसरा देश लागतो,
दोन चौक्या, चार शिक्के,
आणि माझ्या कागदांत तेवढा दम नाही.

विमान छोटं, एकोणीस खुर्च्यांचं.
म्हणून इथे माणूसही काट्यावर चढतो,
बॅगेआधी, चपलांसकट.
मी आकडा वाचतो, लिहितो,
कोणाला पुढे बसवायचं, कोणाला मागे,
ते त्या आकड्यावर ठरतं.

मार्चमध्ये मैमुनाची बदली झाली, तिकडच्या इस्पितळात.
रांगेत सातवी होती.
‘चढा’ म्हणालो, सगळ्यांना म्हणतो तसं.
अहोजाहो ऐकून हसली.
चोपन्न. बॅग अकरा.
बॅगेतली आमसुलं मीच बांधली होती,
तरी वजन केलं.

आमच्या खाडीवर अब्बा होडी घालायचे.
पलीकडचा काठ किती लांब?
भरतीला एक विडी, म्हणायचे, ओहोटीला दीड.
किलोमीटर त्यांच्या कधी कामाला आले नाहीत.
मला विडीचं व्यसन नाही,
मी घड्याळ बघतो.

तिकडची धावपट्टी म्हणे डोंगरांच्या वाडग्यात आहे.
मी पाहिलेली नाही.
इतकी माणसं तोलून पाठवली तिकडे,
माझं वजन मात्र कुठल्याच कागदावर नाही.
कधी आडवा वारा सुटतो,
विमान वाडग्यावर एक घिरटी घालून माघारी येतं,
आणि सव्वा तास उडून लोक
निघाले तिथेच उतरतात.
शिडीवरून माझ्याकडे बघतात,
जणू वारा माझ्या खात्यातला.

परवा रजेवर यायची होती, गुरुवारी.
शमाल सुटला. शनिवारी आली.
उरले अडीच दिवस,
त्यातला एक तिने झोपून काढला.

मंगळवारी पुन्हा रांगेत.
एकोणपन्नास.
मी काटा शून्यावर आणला,
पुन्हा चढा म्हणालो.
एकोणपन्नास.
‘तुमचा काटा बिघडलाय,’ ती म्हणाली.
मागे सुलेयम कोळी बर्फाची पेटी घेऊन खोळंबला होता,
पाणी गळत होतं फरशीवर.
मी एकोणपन्नास लिहिलं.
वैमानिकाने वरून खाली नजर फिरवली, सही केली.
पाच किलोने विमानाला
काही होत नाही.

पिवळी प्रत फाईलला लावायची असते.
ती खिशात घातली.
मग फरशी पुसली, काटा पुसला,
छत्तीस, सदतीस, अडतीस,
एकेचाळिसाव्या मिनिटाला मेसेज आला : उतरले.
मी लिहिलं : जेव.