पिशवीसोबत

जांबोटीहून सव्वासातला सुटणाऱ्या बसच्या
कंडक्टरकडे पिशवी दिली आहे, सुमंगला.
पिरनवाडीच्या फाट्यावर उभी राहा.
खताची जुनी पिशवी, तोंडाला केळीचं सोपट बांधलंय.
हलवलीस की खुळखुळ वाजेल.
वाजली नाही तर घेऊ नकोस,
ओल्या रिठ्याला बुरशी धरते
आणि तुझी आई तो वास दारातूनच ओळखायची.

फळं फोड, बी बाजूला काढ.
फेस सालीत असतो, बीमध्ये काही नाही,
हे कळायला मला एक अख्खं वर्ष
आणि नीलव्वाच्या दोन शिव्या लागल्या.
मूठभर साली रात्री कोमट पाण्यात टाक,
सकाळी कुस्कर, फडक्यातून गाळ.
डोळ्यात उडालं तर चोळू नकोस.
रडून घे, तोच इलाज.

घुसळलं की ती म्हणायची, नोरे बंतु.
मी म्हणायची, फेस आला.
बावीस वर्षं आम्ही एकाच बादलीवर वाकून
आपापला शब्द बोललो,
हिशेब तेवढा बोटांवर केला.

रेशीम पिळायचं नाही.
काठाचं टोक आधी भिजवून बघ,
लाल सुटला तर तिथंच थांब.
दोरीवर टाकू नकोस, दोरीचा वळ राहतो,
जुन्या धोतरावर पसर, सावलीत.
उरलेलं पाणी अळूच्या वाफ्यात ओत.
आमच्याकडं पोरं मुद्दाम ओढ्यात ओततात,
मासे झिंगून उलटे होतात,
मग बोंबलत मला बोलवायला येतात.

ट्रंकेत खालून तिसरी जांभळी असेल.
तिच्या पदरावर, निऱ्यांच्या बाजूला नाही, खांद्यावर येतो तिथं
तपकिरी डाग आहे, बोटभर.
तो काजूच्या बोंडाचा.
पहिल्यांदा आली तेव्हा मीच दिलं होतं खायला,
रस गळतो हे सांगायचं राहिलं.
दर वर्षी ती साडी घेऊन यायची,
दर वर्षी आम्ही नव्या रिठ्यानं धुवायचो,
दर वर्षी सगळी साडी निघायची
आणि डाग तसाच.
इरली, म्हणायची. असू दे.
एका वर्षी तर तिनं फक्त डागच दाखवला,
साडी पिशवीतून काढलीसुद्धा नाही.
तो घालवायच्या नादाला लागू नकोस.

बिया टाकू नकोस.
काळ्या आहेत, गोट्यांसारख्या, पोरांनी मागितल्या तर थोड्या दे.
बाकीच्या खरबरीत दगडावर घास,
पांढरं दिसेपर्यंत नाही, नुसती चमक जाईपर्यंत.
मग दिवसभर गरम पाण्यात.
मागाचा खड्डा तुम्ही बुजवलात म्हणे,
छपरही उतरवलं.
तिथली माती अजून पोकळ असेल,
तिथं लाव. दोन लाव, एक मरतं.
फळाला आठ-नऊ वर्षं जातात,
तोवर माझ्या बांधावरचं झाड आहेच,
आणि कंडक्टर कोणीतरी असतोच.

पैसे पाठवू नकोस.
पिशवी मात्र परत पाठव.
नीलव्वाच्या पिशवीत तळाशी
शेंगाचटणीची पुडी असायची, कागदाला तेल सुटलेलं.
तुझी रिकामी आली तरी चालेल.