पान पासष्ट ते ऐंशी

मंगळवारच्या लाँचनं खोकं आलं
बटाट्याच्या पोत्यांखाली दबलेलं,
एका कोपऱ्याला डिझेलचा डाग.
वर शिक्का: वय वर्षे नऊ ते बारा.

चिलोएच्या या अंगाला बेटं पडलीयत
मुठीतून वाटाणे सांडावेत तशी.
त्यातल्या एकावर आमची शाळा, पोरं अकरा,
आणि सात तर नेमकी त्याच वयाची:
चित्रांच्या पुस्तकांना नाक मुरडणारी,
मोठ्यांच्या पुस्तकात चौथ्या पानावर बुडणारी.
कपाटात त्यांच्यासाठी एक फळी होती.
तिच्यावर मी इतकी वर्षं खडू ठेवत आले.

कात्री सापडेपर्यंत धीर कुणाला?
यास्नानं दातांनी सुतळी तोडली.
तेवीस पुस्तकं. कोरी करकरीत.
वाचलं कुणीच नाही, आधी सगळ्यांनी हुंगलं.
ओसियेल म्हणाला, होडीला नवा रंग दिल्यासारखं.
लिदुविनानं हात स्कर्टला पुसले,
मग पुन्हा पुसले,
मग एक उचललं.

त्यात एक दीपगृहाची गोष्ट.
चौसष्टाव्या पानावर मुलगी दार ढकलते
आणि पुढं
काही नाही.
सोळा पानं पांढरी, मिठासारखी.
एक्याऐंशीवर ती थेट दुसऱ्याच किनाऱ्यावर,
एका पायात बूट, दुसरा अनवाणी.

छापखान्याची चूक.
मी सांतियागोला पत्र लिहिलं, चांगली प्रत मागवली,
हे पुस्तक टेबलाच्या कडेला सारलं.
तेव्हा एलेआसार मान्सिया पुढं आला,
ज्याच्या नावाचं कार्ड मार्चपासून कोरं.
"ते द्या."
"अरे, अर्धवट आहे ते."
"चालतंय."

तीन आठवडे पुस्तक त्याच्याकडे.
बाप सामनच्या पिंजऱ्यांवर, दूर दक्षिणेला,
चौदा दिवसांची पाळी, जी कधीच चौदाची नसते.
आई म्हणाली, पोरगा रात्री धक्क्यावर बसतो,
मांडीवर पुस्तक, कानामागं पेन्सिल.

परत आलं तेव्हा सोळा पानं भरलेली.
गोष्ट नव्हती.
भरती सहा चाळीस. वारा उत्तरेचा. बाबा नाही.
भरती साडेसात. वारा उत्तरेचा. कुत्र्यानं खेकडा आणला. बाबा नाही.
वारा पडला. बाबा नाही.
कुठं नुसतीच वेळ.
कुठं काळवंडलेला ठसा, अंगठ्याचा.
आणि एकोणऐंशीवर, खालच्या ओळीत:
लाँच आली. बाबाच्या पायात दुसऱ्याच कुणाचे बूट.

नियमानं मी ते खोडायला हवं होतं.
नियम भिंतीवर आहे, माझ्याच अक्षरात.
रबर हातात घेतलं,
टेबलावर दोनदा आपटलं,
आणि खडूंच्या डब्यात टाकून दिलं.

ऑगस्टात नवी प्रत आली, पूर्ण, बिनचूक.
सातही डोकी तिच्यावर झुकली.
बूट चिखलात रुतला होता.
मुलगी ओढत राहिली, मग सोडून चालू लागली.
एवढंच. मध्ये थोडं धुकं.
"हॅ," यास्ना म्हणाली.
ओसियेलनं पानं मोजून पाहिली, खरंच सोळा आहेत का.
एलेआसार खिडकीतून पाणी बघत होता.
त्याला कुणी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.

आता दोन्ही प्रती शेजारी शेजारी.
पूर्णाचा कणा अजून ताठ.
दुसऱ्याला मी दोनदा चिकटपट्टी लावली.
पोरं दाराशी येतात, घुटमळतात,
एकमेकांना कोपर मारतात,
आणि म्हणतात, बाई, ते वाऱ्याचं आहे का?

ऐंशीवं पान त्यानं मोकळं सोडलं होतं.
परवा बघते तर तिथं कुणीतरी काही लिहून
पुन्हा खोडलंय, कागद खरवडेपर्यंत.
मी उजेडासमोर धरून पाहिलं.
अक्षर यास्नाचं असावं.
वाचता आलं नाही.