कव्हर फोटो

आडवा धरा, उभा नको.
माणूस नको, देव नको, तारीख नको.
पाच एमबीच्या आत.
किमान आठ. पहिला असेल तो कव्हर.
साइटच्या या अटी मला पाठ आहेत,
लग्नाचे फोटो काढायचो तेव्हा
मंगलाष्टकं पाठ होती तशा.

औसा रोडवरून आत, तिसरी गल्ली.
शिवकांता हालकुडे, सिव्हिलमधून निवृत्त सिस्टर.
दोन खोल्या, हॉल, किचन, वर गच्ची.
लेक पुण्याला. दोन महिन्यांनी बाईही.
"घर पुसून ठेवलंय," म्हणाल्या,
जणू मी सुई टोचायलाच आलो होतो
आणि त्यांनी दंड आधीच स्पिरिटनं पुसला होता.

हॉलमधून आधी हलवले
चार निळे ड्रम.
एक पलंगामागं, दोन मोरीत,
चौथा कुठंच मावेना, त्याच्यावर चादर टाकली
आणि वर फुलदाणी.
फोटोत तो टेबल वाटतो.
नवऱ्याची तसबीर उतरवू का, मी विचारायच्या आत
त्यांनीच उतरवली.
भिंतीवर राहिला फिकट चौकोन,
तो मी स्क्रीनवर बोटानं घालवला.
दहा बाय बाराची खोली
रुंद लेन्सनं मंगल कार्यालयाएवढी केली.
ऊन थोडं कमी केलं.
लातूरचं एप्रिलचं ऊन
आहे तसं दाखवलं, तर कोण घेईल घर?

"हौदाचा काढ की."
"मावशी, हौदाचे कुणी टाकत नाही."
"बाकी काय बी टाक. हौदाचा काढ."

जिन्याखाली लोखंडी झाकण.
मी पालथा पडून मोबाइलसकट हात आत सोडला.
फ्लॅश पडला आणि दिसल्या
आतल्या भिंतीवर ऑइलपेंटच्या रेघा,
एकीखाली एक, तापाच्या तक्त्यासारख्या,
शेजारी सिस्टरच्या सुबक अक्षरात
२ मार्च. ११ मार्च. २४ मार्च.
एप्रिलची पहिली गुडघ्याच्या खाली.
आणि अगदी तळाशी, वाकून लिहिलेलं:
टँकर आला.
साल नव्हतं.
लातुरात त्या सालाला
साल लिहावं लागत नाही.

रात्री अपलोड, त्यांच्याच गच्चीवरून,
कारण खाली रेंज नाही.
हॉल गेला. किचन गेलं.
बेडरूम त्र्याहत्तर टक्क्यांवर अडून बसली,
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखी.
हौद चटकन गेला आणि लगेच परत आला:
'फोटोवर मजकूर आढळला. कृपया बदला.'

बदलायला काय, बोट फिरवायचं.
२ मार्च गेला. ११ मार्च गेला.
"कामून पुसलालास?"
बाई चहा घेऊन मागं उभ्या.
"साइटला अक्षर चालत नाही, मावशी."
"मग घेणाऱ्याला कळावं कसं,
किती दिस पुरतंय ते?"
चहा त्यांनी कठड्यावर ठेवला,
माझ्या हातात दिला नाही.

मी एक पाऊल मागं गेलो, ॲपमध्ये.
दोन्ही तारखा परत आल्या.
आठवा म्हणून झाकणाचा टाकला,
बंद झाकणाचा.
तो मान्य झाला.

आठवड्यात अकरा फोन.
हॉल केवढा, एकानंही विचारलं नाही.
टेबलाचं कौतुक एकीनं केलं, ते सोडा.
"ते आठव्या फोटोत झाकण कशाचं?
हौद का? किती हजाराचा?"
मग मी तो दुसरा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो,
तिथं अक्षराला मनाई नाही.
दोन खुणा निळ्या होतात.
पलीकडचा माणूस काहीतरी लिहू लागतो,
थांबतो, पुन्हा लिहू लागतो.

निलंग्याचे एक मठपती गुरुजी आहेत,
त्यांनी भाव विचारला नाही, कागदपत्रं विचारली नाहीत.
रात्री पावणेअकराला त्यांचा मेसेज:
रंगाचा डबा शिल्लक असेल का?

विचारून सांगतो, म्हणालो.