बारा व्होल्टांचा रकाना

पोर्वेनिरहून सकाळच्या फेरीनं दांको आला.
सामुद्रधुनी खवळलेली, पोराचा चेहरा पांढराफटक,
पण कुशीतला स्वेटर त्यानं तसूभर हलू दिला नव्हता.
आत ग्राफिक्स कार्ड. तीन पंखे, पाठीला काळा पत्रा.
नुकतं जन्मलेलं कोकरू ठेवावं
तसं त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं.
'आत्या, बसव ना. दहा मिनिटांचं तर काम.'

दहाच मिनिटांचं आहे, खरंय.
दोन स्क्रू, एक खाच, खट् असा आवाज.
मी मात्र त्याच्या जुन्या मशिनचं कूस उघडलं
आणि कोपऱ्यातली ती धुळकट पेटी बाहेर काढली,
जिच्याकडे कुणी कधी बघत नाही.
पॉवर सप्लाय.
वर लाल अक्षरांत सहाशे वॅट.
हातात घेतली तर यर्बाच्या रिकाम्या डब्याइतकी हलकी.
मोठं घर, पोकळ वासा.

'चष्मा दे,' म्हटलं.
लाल अक्षरं मी वाचत नाही, दांको.
त्यांच्याखाली मुंगीएवढे रकाने असतात,
त्यातला बारा व्होल्टांचा वाचते.
बावीस अँपिअर.
त्याच्याच फेरीच्या तिकिटाच्या पाठीवर मांडलं :
बारा गुणिले बावीस, दोनशे चौसष्ट.
कार्डाला दोनशे वीस. प्रोसेसरला पंचाण्णव.
बेरीज त्याला करू दिली.
पंखे, डिस्क अजून धरलेच नव्हते.

त्यानं खिशातून एक जोडवायर काढली,
दुकानदारानं फुकट दिलेली :
एका बारक्या प्लगचे दोन जाडे करणारी.
तोंडं दोन झाली म्हणून
विहिरीला पाणी वाढतं का रे?

'पण सुरू तर होईल ना?'
होईल की. हीच तर पंचाईत.
मेनू दाखवेल, धुकं दाखवेल, झाडाचं पान न् पान दाखवेल.
आणि ऐन लढाईत, सगळं एकदम मागायची वेळ आली
की पडदा काळा.
नशीब बरं असेल तर नुसता काळा.

तीन महिने त्यानं कातरणीच्या शेडमध्ये लोकर उचलली होती.
नखांत अजून मेंढीचा वास.
तो काही बोलला नाही. मीही
फ्रांकोच्या बोटीचं बोलले नाही :
जुन्या अल्टरनेटरवर नवा विंच,
बंदरात कसा झकास चालला होता.
बंदरात सगळंच चालतं.
जाळं भरलं तेव्हा दिवे गेले, मग रेडिओ,
मग दोन रात्री नुसता वारा.
भाऊ माझा परत आला, पण पाण्यावर पुन्हा गेला नाही.
आता धक्क्यावर उभा राहून तिकिटं फाडतो.
हेही त्यानंच फाडलं असणार.
मी ते चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं.

कार्ड माझ्या फळीवर राहिलं, स्वेटरासकट.
दर रविवारी निरोप : झोपलंय?
झोपलंय.
जूनमध्ये बर्फ. झोपलंय.
ऑगस्टमध्ये त्याला बेकरीत काम मिळालं,
पहाटे चारचं. निरोप कमी झाले.

सप्टेंबरच्या सुट्टीत आला तो एक खोकं घेऊन.
मी आधी हातात तोललं. जड.
कुणीतरी आत खरंच तांबं घातलं होतं.
तरी रकाना वाचलाच. त्यानंही वाचला, माझ्याआधी,
चष्म्याशिवाय.
दोन तोंडांना दोन वेगळ्या वायरी, मुळापासून वेगळ्या.
खट्.

बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले
आणि थांबले.
दांकोचा चेहरा पुन्हा त्या फेरीवरचा.
'आत्या, गेलं!'
नाही रे बाबा.
सध्या काही काम नाही, म्हणून थांबलेत.
लागेल तेव्हा फिरतील.

त्याला खरं वाटेना.
मशिनला कान लावून बसून राहिला,
बाहेर वारा पत्रा उचकटत होता.
परतीची फेरी पाचला.
मी आठवण केली नाही.