बर्टन, चोवीस डिसेंबर

या गावात दारू हवेतच असते.
वारा भट्टीकडून सुटला की
भिजल्या सातूचा कोमट वास
दार लावा, खिडकी लावा,
वाळत घातलेल्या चादरीतून आत येतो.
घर घेतलं तेव्हा मी म्हणाले होते,
किती छान, कुणीतरी पाव भाजतंय.

दोनशे एकोणीस दिवस.

काल वॉर्डातल्या सीक्रेट सांताने
लाल कागदात गुंडाळून काहीतरी दिलं.
कागद फाडायची गरज नव्हती.
बाटलीची मान माझ्या बोटांना झोपेतही कळते.
सगळे बघत होते.
मी "अय्या" म्हणाले.
अय्या म्हणणं मला नेहमीच छान जमलंय.

घरात आणली नाही. डिकीत ठेवली,
स्टेपनीच्या शेजारी, जुन्या शालीत.
रात्रभर ती डिकीत, मी पलंगावर,
दोघी जाग्या.

सकाळी मॉरीनला फोन.
मॉरीन आधी बस चालवायची,
एकवीस वर्षं झाली तिला सोडून.
म्हणाली, इकडे घेऊन ये.
ओतून टाकायच्या भानगडीत पडू नकोस,
ओतताना वास येतो
आणि वासाला हात असतात.

मेथडिस्ट चर्चच्या तळघरात आम्ही अकराजण,
एक हीटर, तोही खोकणारा.
चहा असा की चमचा उभा राहावा.
कुणाच्या तरी सासूने मिन्स पाय पाठवलेत,
ते मी आधी नाकाशी नेते, ब्रँडी नाही ना.
दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो,
आम्ही हुंगून खातो.

आई मार्गशीर्षातले गुरुवार धरायची.
शेवटच्या गुरुवारी उद्यापन,
सवाष्णींना केळी, हळदकुंकू, पोथी,
आणि सुटली बाई एकदाची.
माझ्या व्रताला उद्यापन नाही.
आज नाही, इतकंच.
उद्याचं उद्या, हेही उद्याच म्हणायचं.
हे मॉरीनला सांगू गेले
तर इंग्रजीत उद्यापन होईना.
ती म्हणाली, बिस्कीट घे.
बाटली तिने जांभळ्या पिशवीत घातली.
पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

चार वाजता कार्डिफची गाडी.
तोवर अंधार.
ऋजुता दोन नाताळ आली नव्हती.
त्याआधीच्या नाताळात
तिच्या मित्रासमोर मी झाडावर कोसळले होते,
दिव्यांसकट.
बराच वेळ ते माझ्या केसांत लुकलुकत होते म्हणे.

फलाटावर ती गळ्यात पडते.
आणि मग तो अर्धा क्षण,
तिचा श्वास माझ्या तोंडाजवळ थांबतो,
नाकपुड्या हलतात.
तिला वाटतं मला कळलं नाही.
मी तोंड फिरवत नाही.
ती तान्ही होती तेव्हा
तिची टाळू मी अशीच हुंगायचे,
कुणी बघत नसताना, चोरून.
मी हसते, जरा जास्तच तोंड उघडून.
चहा, लवंग, पीठ, साखर.
हुंग बाई. सावकाश हुंग.

वारा नेमका भट्टीकडूनच.
"कसला गं वास?" ती विचारते.
"गावाचा," मी म्हणते.
तिची बॅग उचलते
आणि आत काच किणकिणते.

बरण्या आहेत, ती घाईने म्हणते,
लिंबाच्या लोणच्याच्या.

मी काहीच विचारलं नव्हतं.