रिक्तिका

पारडीच्या पुलाखाली, नाग नदीच्या काठानं
बेशरम माजलाय, पुरुषभर उंच.
दर तिसऱ्या बुधवारी मी त्याची पानं खुडते
आणि शालिक पिशव्यांवर लिहितो:
कोवळं. मधलं. जून.
हातमोज्याच्या वर, मनगटावर चीक उडतो.

कापला तर फुटतो,
उपटून फेकला तर पडल्या जागी फुटतो,
शेळीसुद्धा तोंड लावत नाही;
म्हणून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं.
रात्री नळीतून नदीत जे सोडलं जातं
त्याला कुणी नाव ठेवलं नाही.

मग प्रयोगशाळा.
पानं धुवायची, वाळवायची, खलात कुटायची,
आम्लात उकळायची, तोवर
हिरवं काहीच उरत नाही,
फक्त फिकट पाणी.
ते ज्योतीत फवारलं की यंत्र बोलतं:
शिसं एवढं. कॅडमियम एवढं.
कोवळ्यात कमी,
जून पानात सगळ्यात जास्त.

मुळं अडवतात, अडवता येईल तेवढं.
उरलेलं देठातून वर चढतं.
पान ते परत पाठवू शकत नाही.
गंधकाच्या बारीक धाग्यांत ते गुंडाळतं,
पेशीच्या मधोमध एक खोली असते, तिथं नेऊन ठेवतं
आणि दार ओढून घेतं.
बाहेर उन्हाचं काम चालूच.
मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांतसुद्धा.

त्या खोलीला पुस्तकात रिक्तिका म्हणतात.
रिक्त नाही ती.
मी मोजलंय.

अहवालात मी लिहिलं: ही वनस्पती सहनशील आहे.
काठावर शकुनबाई डडमल वाळक्या काड्यांची मोळी बांधत होत्या,
त्यांनाही तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत,
हे झाड विष सहन करतं म्हणून.
त्या हसल्या.
"सयते म्हन्ता? त्याले पाय असते तं
गेलं नसतं का इथून?"

मी म्हटलं, काड्या जाळू नका, धूर वाईट आहे.
त्यांनी मोळी डोक्यावर घेतली.
"मंग सिलिंडर तुमी भरून देता का, बाई?"

शालिक पिशव्यांवरचे आकडे
पुन्हा पुन्हा तपासत राहिला.

जून पान शेवटी पिवळं पडतं, गळतं.
झाड मोकळं होतं.
पान मात्र तिथंच पडतं, त्याच चिखलात,
आणि सगळं पुन्हा मुळांपाशी.
हे अहवालात कोणत्या रकान्यात बसवायचं
मला अजून कळलेलं नाही.

आज बुधवार.
शकुनबाईंनी कोयत्यानं छाटलेल्या बुंध्याला
तीन कोंब आलेत,
नखाएवढी, चकचकीत, काहीच न साठवलेली पानं.
दोन मिनिटं मी नुसतीच उभी राहते.
मग हातमोजे चढवते.
शालिक, पिशवी दे.
लिही: कोवळं.