तीनशे बारा चष्मे

माझं काम चष्मे वाटायचं. खेळ सुटला की परत घ्यायचं.
पन्नास रुपये डिपॉझिट, काच ओरखडली तर वीस कापायचे.
पडद्याकडे पाठ करून दाराशी उभा असतो मी,
आणि चुकून वळलोच, तर उघड्या डोळ्यांना
दोन पृथ्व्या दिसतात, एकमेकींवरून जरा सरकलेल्या,
नक्षी हुकलेल्या चादरीसारख्या.

म्हणून सिनेमा मी माणसांच्या तोंडावर पाहिला.

पहिल्या दहा मिनिटांत सगळी तोंडं निळी.
बाल्कनीतला एक पोरगा तरंगत आलेला स्क्रू
पकडायला गेला
आणि हातात आला पुढच्या बाईचा गजरा.
"काय करलालास बे?"
पृथ्वी मात्र फिरत राहिली, हसणाऱ्यांच्या गालांवरून.

मग रात्रीची बाजू आली.
खाली दिवे, सांडलेल्या राजगिऱ्यासारखे.
कुणीतरी ओरडलं, "ते बघ, सोलापूर!"
"कुठाय बे?"
"हैदराबादच्या अलीकडं अंधार दिसलालाय ना, तेच."

मध्यंतरात एकानं पैसे परत मागितले.
दोनच माणसं, गाणं नाही, त्यातला एक अर्ध्यात मेला.
शाबादे सर चहा गार होईपर्यंत सांगत होते,
एका कक्षेतून दुसरीत असं जाता येत नाही, गणित चुकलंय.
त्यांची मुलगी म्हणाली, "पप्पा, ती एकटी आहे."
सर गप्प झाले. गार चहा पिऊन टाकला.

दोर सुटला तेव्हा सगळे किंचाळले.
अंबादास गुंडेटी तेवढे वैतागले.
"गाठ मारायला शिकवत नाहीत का यांना?"
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
कान कधीच खडखडाटात देऊन टाकलेले.
खांद्यावरच्या टॉवेलचा दोरा उपसून
अंधारातच त्यांनी खुर्चीच्या हाताला
एक गाठ मारून दाखवली, शेजारच्या अनोळखी माणसाला.

आणि मग आवाजच गेला.
सिनेमातला. मुद्दाम घालवलेला.
"साउंड! साउंड!" शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा,
मग हळूहळू त्याही विझल्या.
गुंडेटी हसत होते.
सगळं थिएटर तेवढ्यापुरतं त्यांच्या कानात येऊन बसलं होतं.

हवा चार टक्के उरली
आणि लाइट गेली.
आमची. खरीखुरी.
जनरेटरला अडीच मिनिटं लागतात.
एप्रिल, पंखे थांबलेले, दारं बंद,
आणि एकही शिवी नाही.
इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.
फ ओळीतून एक बाई हळूच म्हणाली,
"बोलू नका गं. हवा संपंल."
कुणी हसलं नाही.
बॅटरी माझ्या हातात होती. मी लावली नाही.

शेवटी ती बाई समुद्रात पडली.
विडी घरकुलातून आलेल्या सात जणी,
दिवसभर तंबाखू हाताळून पिवळी झालेली बोटं,
त्यांतल्या सत्यव्वा उभ्याच राहिल्या.
"अगं बाई, एवढं पाणी!"
नळाला आज पाचवा दिवस होता.
टाळ्या पडल्या त्या कुणासाठी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

साडेबाराला चष्मे पुसायला बसलो.
काहींच्या कडेला मीठ वाळलं होतं.
घाम असेल, म्हटलं.
खुर्चीच्या हातावरची गाठ ओढून पाहिली. सुटली नाही.
मोजणी तीनशे अकरा.
मॅनेजरना सांगितलं, एक वरच राहिला.
ते झोपेत होते, "बरं" म्हणाले.

तो माझ्या खिशात होता. पन्नासची नोट
मी आधीच गल्ल्यात टाकली होती.
गच्चीवर जाऊन घातला, वर पाहिलं.
काहीच जवळ आलं नाही.
गिरणीची चिमणी जिथल्या तिथं, चांदण्या जिथल्या तिथं,
उलट काचेमुळं जरा अंधुकच.
तरी उभा राहिलो, मान दुखेपर्यंत.

खाली गल्लीत कुणीतरी ओरडलं,
"नळ आला!"